साखरेच्या जागी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, पाककृतीच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला विचारले, की वर्धापनदिनाला काहीतरी 'पौष्टिक गोड' करून दाखवाल का? मी लगेच हो म्हटले. पण घरी येऊन विचार करू लागले, तेव्हा त्या 'पौष्टिक' शब्दाचीच मला धास्ती वाटू लागली. कारण ह्या शब्दाने मला एकदा चांगलेच फसविले आहे. म्हणून आज कृती सांगण्याआधी मी माझी फजिती सांगणार आहे. कृती काय, कुठेही वाचायला मिळते. फजिती मात्र जिची तिनेच सांगावी लागते.

पदार्थ आहे सफरचंदाचा क्रंबल. नाव ऐकून बिचकू नका. तळाशी फळाच्या फोडी, वर पीठ, लोणी आणि साखर चोळून केलेला भगराळा चुरा, आणि हे सगळे ओव्हनमध्ये खमंग भाजायचे. केकसारखा तो फुगावा लागत नाही आणि पायसारखी पारी लाटावी लागत नाही. ज्या बाईला करंजीच्या पिठाला मोहन चोळता येते, तिला क्रंबल आलाच म्हणून समजा.

मी तो शिकले २०१४ साली. मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेले होते. शेजारी एक आजीबाई राहत. वय ऐंशीच्या पुढे, परंतु हिंडत्याफिरत्या. ऑक्टोबरात त्यांनी आपल्या झाडाची टोपलीभर सफरचंदे आणून दिली. हिरवी, बोजड, ओबडधोबड. मी एक चावून पाहिले आणि कैरी खाल्ल्यासारखे दात आंबले! आजीबाई खूप हसल्या. ती खाण्याची नव्हेतच, शिजवण्याची सफरचंदे. त्यांना ब्रॅम्ली म्हणतात. नॉटिंगहॅमजवळ साउथवेल नावाचे गाव आहे. तेथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बी पेरली, तिच्यापासून ह्या जातीचे पहिले झाड झाले. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले आणि फळाला नाव मिळाले त्याचे! बी लावणारीचे नाव मागे राहते आणि घरमालकाचे पुढे जाते, हे तिकडेही आपल्यासारखेच.

त्या आजीबाईंनी मला क्रंबल शिकवला. साखर घालताना त्या चमच्याने सपाट मोजून घालत. मी विचारले, तर म्हणाल्या, लहानपणीची सवय. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० मध्ये, तिकडे साखर आणि लोणी रेशनवर आले. बराच काळ माणशी आठवड्याला आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, साखर मिळे. तिच्यातच चहा आणि मुरंबाही भागवायचा. साखरेचे रेशन उठले ते थेट १९५३ च्या सप्टेंबरात. पायच्या पारीला लोणी आणि मैदा बराच लागतो. क्रंबलला थोडक्यात भागते, आणि मैदा कमी असला तर ओट घालता येतात. म्हणून त्या टंचाईच्या दिवसांत तो घरोघर रुजला. म्हणजे भगिनींनो, अदलाबदल हा ह्या पदार्थाचा जन्मजात स्वभावच आहे. ती कशी करावी हे मात्र मला ठेच लागल्यावर कळले.

आता ती फजिती ऐका. २०१६ मध्ये आमच्या ह्यांना मधुमेह निघाला. आमचे घर गोडखाऊ. पुरणपोळी, श्रीखंड, नारळीभात ह्यांवाचून सण जात नाही. ह्यांनी तक्रार अशी कधी केली नाही. परंतु पंगत बसली की हे पानावरून लवकर उठत, हात धुऊन बाहेर ओटीवर जाऊन बसत. आत श्रीखंडाचा आग्रह चालू असे आणि बाहेर हे वर्तमानपत्र उघडून बसलेले. पान मात्र उलटलेले नसे. तीन वर्षे मी हे पाहिले. वाढणारीच्या हाताला ते फार लागते.

२०१९ साली ह्यांची एकसष्टी आली. मी मनाशी ठरविले, की त्या दिवशी ह्यांना पंगतीतून उठू द्यायचे नाही. आजीबाईंचा क्रंबल आठवला. मी तो 'पौष्टिक' केला. मैद्याऐवजी कणीक घेतली, साखरेऐवजी वाटीभर गूळ, वरून चार मोठे चमचे मध, मूठभर मनुका, काजू आणि भरपूर साजूक तूप. बहिणींनो, त्यात नाव ठेवायला जागा होती का? साखरेचा एक दाणा नव्हता. मी सर्वांच्या देखत ह्यांना म्हटले, "पोटभर खा, ह्यात साखर अजिबात नाही." ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि खाल्ला. दोन वाट्या खाल्ला. तीन वर्षांनी मी ह्यांना गोड खाताना असे पाहिले, आणि मला अगदी धन्य वाटले.

जेवणानंतर दोन तासांनी ह्यांनी घरच्या यंत्रावर रक्त तपासले. एरवी जेवणानंतर १८० च्या आत राहावी म्हणून धडपडत असू, ती साखर २६८ निघाली. ह्यांनी ते कोणाला सांगितले नाही. पाहुणे होते ना. दुसऱ्या दिवशी वहीतला आकडा मी पाहिला. विचारले, तर म्हणाले, "तू एवढ्या हौसेने केलेस, मग नको कसे म्हणायचे?" मला रागवले असते तर बरे झाले असते.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळे सांगितले. ते म्हणाले, "काकू, गूळ आणि साखर ह्यांतला फरक तुमच्या जिभेला कळतो, काकांच्या रक्ताला कळत नाही."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले, आणि आज तुमच्यापुढे ठेवते आहे. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० उष्मांक मिळतात आणि तेवढ्याच गुळातून साडेतीनशे ते पावणेचारशे. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, हे खरे. पण चमचाभर गुळातून ते किती मिळणार? लोहासाठी गूळ खाणे म्हणजे खडीसाखरेच्या लोभाने देवळात जाण्यासारखे. मधाचे उष्मांक ३०० च्या आसपास, तेही त्यात पाणी असते म्हणून; बाकी सारी साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जे मार्गदर्शन केले, त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांचा रसदेखील धरला आहे. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावी आणि जमल्यास आणखी निम्मी, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, असे ते सांगतात. चहाच्या चमच्याने मोजली तर ती पाच-सहा चमचे होते. सगळ्या दिवसाची! अख्ख्या फळातली साखर मात्र त्यांनी ह्या हिशेबात धरलेली नाही. कारण ती फळाच्या गरात आणि चोथ्यात बांधलेली असते व सावकाश पोटात उतरते.

मग मला हट्टच चढला. दुसऱ्या वेळी मी साखर, गूळ, मध सगळेच काढून टाकले. वरचा चुरा झाला भुशासारखा. पांढरा, कोरडा, घशात अडकणारा. नातू म्हणाला, "आजी, हे गाईला द्यायचे का?" तिसऱ्या वेळी बाजारची गोड गोळी कुटून घातली. ती होती ॲस्पार्टेमची. भट्टीच्या आचेत तिची गोडी उडून जाते, हे मला ठाऊक नव्हते. आच सोसणारी सुक्रालोजसारखी द्रव्ये मिळतात, पण त्यांनी गोडी येते, चुऱ्याचा खुसखुशीतपणा आणि रंग येत नाही. शिवाय वजन उतरविण्यासाठी अशी द्रव्ये वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू केलेला नाही, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मी तो नाद सोडला.

चौथ्या वेळी मात्र मी हातात चमचा घेण्याऐवजी कागद घेतला. प्रत्येक जिन्नसापुढे लिहिले, हा येथे कोणते काम करतो? घरात एखादी मोलकरीण रजेवर गेली तर बदली आणताना आपण तिचे काम पाहतो ना? भांड्याची बाई हवी असताना स्वयंपाकीण आणून काय उपयोग? जिन्नसांचेही तसेच आहे.

पहिली साखर. ती दोन ठिकाणी पडते. फळात पडते ती आंबटपणा मारण्यासाठी. आणि येथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! आजीबाईंच्या कृतीतली साखर त्या कैरीसारख्या ब्रॅम्लीसाठी होती. आपल्या बाजारात येतात ती काश्मीर-हिमाचलची डिलिशस जातीची सफरचंदे. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, १९१६ च्या सुमारास ह्या जातीची कलमे सिमल्याजवळच्या कोटगढला आणली. ही सफरचंदे मुळातच गोड. त्यांच्यावर साखर घालणे म्हणजे हापूसच्या रसात साखर घालणे. तेथे उलट लिंबू हवे! चार थेंब आंबट पडले की फळाची स्वतःची गोडी उठून दिसते. तेव्हा फळातली साखर पूर्णपणे गेली, आणि तिची उणीव कोणालाही भासली नाही.

दुसऱ्या ठिकाणी, वरच्या चुऱ्यात, साखर पडते ती कुरकुरीतपणासाठी आणि तांबूस रंगासाठी. ती तेथून सगळी काढली की भुसा होतो, हे नातवाने सांगितलेच. म्हणून तेथे थोडी ठेवायचीच. मी गूळ ठेवते, तो पौष्टिक म्हणून नव्हे, तर त्याला खमंग वास आहे आणि म्हणून थोडक्यात भागते म्हणून.

दुसरा जिन्नस मैदा. केकमध्ये मैद्यातला चिकटपणा केकला उभा धरतो, म्हणून तेथे मैदा सगळा काढला तर केक बसतो. क्रंबलला उभे राहायचेच नाही. त्याला भुरभुरीतच व्हायचे आहे. म्हणजे चिकटपणा नसलेले ज्वारीचे पीठ येथे कमीपणाचे नाही, उलट सोयीचे आहे. त्याबरोबर निम्मे ओट घेतले तर दाताला काही लागते, आणि ओटमध्ये विरघळणारा जो चोथा असतो तो वाईट कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो.

तिसरे लोणी. विकतच्या लोण्यात शेकडा ऐंशी भाग स्निग्ध आणि उरलेले बहुतेक पाणी. साजूक तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅमच तूप घ्यावे. पुष्कळ जणी सारखेच घेतात आणि मग चुरा तेलकट झाला म्हणतात. त्यातूनही आणखी निम्मे काढून त्या जागी मी दाण्याचे कूट घालते. दाण्याला स्वतःचे तेल असतेच. तूप घरचे झाले तरी ते बेतानेच खावे. आणि वनस्पती तूप वापरू नका. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्य स्निग्धांतील कारखानी ट्रान्स मेदावर शेकडा दोनची मर्यादा घातली आहे, ती काही उगाच नव्हे.

आता कृती. सहा जणांसाठी. लिहून घ्या.

सफरचंदे पाऊण किलो, म्हणजे मध्यम आकाराची पाच-सहा. बिनबियांचे खजूर सहा. एक लिंबू. दालचिनीची पूड अर्धा चमचा. चुऱ्यासाठी ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम, म्हणजे पाऊण वाटी. जाडे ओट ६० ग्रॅम, साधारण एक वाटी. दाण्याचे जाडसर कूट ४० ग्रॅम, अर्धी वाटी. साजूक तूप ४५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे. चिरलेला गूळ ३० ग्रॅम, दोन मोठे चमचे. चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, गोडी तेच खुलविते.

खजूर चिरून दोन चमचे गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून चुरडावेत. सफरचंदे धुऊन सालासकट चिरावीत. चोथा सालीत आहे, ती टाकू नये. फोडी बोटभर जाड ठेवाव्यात. लिंबाचा रस, दालचिनी आणि खजूर चोळून फोडी पसरट काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात दाबून बसवाव्यात. दालचिनीने गोडीचा भास वाढतो, ही स्वयंपाकघरातली निरुपद्रवी लबाडी आहे.

ज्वारीचे पीठ आधी कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतून घ्यावे, नाहीतर कच्चट लागते. गार झाल्यावर त्यात ओट, कूट, गूळ आणि मीठ घालून घट्ट तुपाचे मोहन बोटांच्या टोकांनी चोळावे. मूठ वळून पाहावी. वळली पाहिजे आणि बोट लावताच मोडली पाहिजे. मोडत नसेल तर तूप जास्त झाले, थोडे ओट घाला. वळतच नसेल तर पाण्याचा हबका मारा, तूप वाढवू नका. हा चुरा फोडींवर सैल पसरावा. थापू नये, थापला की त्याची भाकरी होते!

ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावा. कडेने रस बुडबुडू लागला आणि वर बदामी रंग आला, की झाला. गूळ लवकर काळवंडतो, म्हणून अर्ध्या तासानंतर लक्ष ठेवावे.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी नाराज होऊ नये. आपल्या आया-आज्या नानकटाईची ताटे बेकरीत पाठवीतच होत्या. जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर द्यावा, वर तिवई ठेवून दहा मिनिटे तापवावे, मग भांडे आत ठेवून घट्ट झाकणाने पाऊण तास मंद आचेवर ठेवावे. त्यात वरून आच लागत नाही, म्हणून चुरा आधी तव्यावर कोरडा खमंग परतून घ्यावा आणि शेवटची दहा मिनिटेच फोडींवर घालावा.

सफरचंद महाग असेल तेव्हा पेरू घ्या, बिया काढून. नाशपाती चालते. अननसाला पाणी फार सुटते, म्हणून तळाशी दोन चमचे ओट पसरा. आंबा किंवा चिकू घेतलात तर खजूर अजिबात नको.

आता शेवटचा आणि खरा हिशेब. नेहमीच्या कृतीत सहा जणांना फळात ८० आणि चुऱ्यात १०० अशी १८० ग्रॅम साखर पडते. माणशी ३० ग्रॅम. आपल्या ह्या कृतीत वरून घातलेला गूळ माणशी ५ ग्रॅम. हे ऐकून टाळ्या वाजवू नका! सफरचंदाची, खजुराची आणि पिठाची कर्बोदके आहेतच. ती सगळी मिळून एका वाट्यात सुमारे ४० ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ दोन मध्यम फुलके. निरोगी माणसाने हा वाटा खुशाल खावा. मधुमेह्याने मात्र तो जेवणावर चढवायचा नाही, जेवणातून वळता करायचा आहे. आमच्याकडे ह्यांना अर्धा वाटा मिळतो, आणि त्या जेवणात एक पोळी कमी. डॉक्टरांना विचारून हे प्रमाण आम्ही ठरविले. तुम्ही आपापल्या डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाचे शरीर आणि औषध निराळे असते.

पहिल्यांदा ह्या मापाने दिला, तेव्हा दोन तासांनी ह्यांनी यंत्र आणून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "आता तूच बघ." आकडा १५६ होता. मी तो आकडा देवाजवळ ठेवला नाही एवढेच!

भगिनींनो, प्रेमाने वाढलेले अन्न बाधत नाही, असे आपण मानतो. माझ्या अनुभवाने सांगते, बाधते. उलट, प्रेमाने वाढलेले असते म्हणून खाणाऱ्याला नको म्हणता येत नाही. "ह्यात साखर नाही, पोटभर खा" हे शब्द बोलण्याआधी आपण थांबावे. जिन्नस बदलला एवढ्यावर समाधान मानू नये. किती घातला आणि किती वाढला हे पाहावे. त्या आजीबाई सपाट चमचा मोजत, तो मला त्या वेळी कंजूषपणा वाटला होता. आज मीही मोजते.

आता तुम्ही विचाराल, की यजमानांना आवडतो का? मी एकदा विचारले. हे म्हणाले, "खरे सांगू? श्रीखंडाची सर नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पण आता ओटीवर जावे लागत नाही." ह्या दिवाळीला पंगत उठेपर्यंत हे पानावर बसून होते. आपल्या अर्ध्या वाट्याचे चार घास ह्यांनी इतके पुरवून पुरवून खाल्ले, की शेवटी नातवाने विचारले, "आजोबा, तुमचे अजून संपले नाही?"

टेबलावर ठेवलेल्या भांड्यात सगळ्यांना चमचा-चमचा येईल एवढा क्रंबल आहे. चव पाहा, आणि काही उणे वाटले तर अवश्य सांगा. नातवाच्या भाषेत सांगितले तरी चालेल.